उपग्रहाला 'लक्ष्य केले' म्हणजे पाडला का?

वेंगुर्ल्याच्या एका वाचकांनी विचारलंय: क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या चाचणीत 'रडारने उपग्रहाला लक्ष्य केले' असं वाचलं. मग तो उपग्रह पाडला का? आणि इथे 'लक्ष्य' हा शब्द बरोबर आहे का?

पाडला नाही. शब्द बरोबर आहे, चुकलंय ते क्रियापद.

ज्या वस्तूवरून लहरी परत येतात ती रडारवाल्यांच्या बोलीत 'टार्गेट'. रत्नागिरीसमोरून जाणारं मालवाहू जहाज, मासेमारीचा ट्रॉलर, सगळी टार्गेटंच; त्यांच्यावर कोणी काही डागत नाही. संस्कृत 'लक्ष्' धातूचा अर्थ पाहणे, ध्यानात घेणे असा आहे. 'लक्ष ठेव', 'लक्षण', 'लक्षात' यांत तो आजही जिवंत आहे. त्यामुळे रडारसाठी 'लक्ष्य' अगदी चपखल. पण 'लक्ष्य करणे' म्हटलं की मराठी माणसाला हल्लाच ऐकू येतो. २७ मार्च २०१९ ला भारताने आपलाच मायक्रोसॅट-आर हा उपग्रह सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर क्षेपणास्त्राने फोडला, तिथे 'लक्ष्य केले' अक्षरशः खरं होतं.

चाचणीतल्या उपग्रहाचं काम निराळं. तो वातावरणाबाहेरून सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर वेगाने जातो, म्हणजे लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रासारखाच, आणि त्याची कक्षा आधीच ठाऊक असते. रडारने सांगितलेली जागा तिच्याशी ताडून पाहायची, की चूक किती ते कळतं. क्षेपणास्त्र उडवायचा खर्चही वाचतो. काही उपग्रह तर रडार पारखण्यासाठीच सोडले गेले. अमेरिकेच्या लिंकन प्रयोगशाळेचा एलसीएस-१ हा ३४ किलोचा अ‍ॅल्युमिनियमचा पोकळ गोळा १९६५ च्या मे महिन्यात कक्षेत गेला. व्यास सुमारे १.१२ मीटर, कारण एवढ्या गोळ्याचं रडारला दिसणारं क्षेत्रफळ एक चौरस मीटर भरतं, आणि गोळा कुठूनही पाहिला तरी सारखाच. किती सुंदर युक्ती आहे ही!

अशा उपग्रहाला मी 'खूण' म्हणेन. आपला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, किनाऱ्यावरचं देऊळ आणि डोंगर एका रेषेत धरून पाण्यातली जागा ओळखतो, तशी ही रडारची खूण. 'सावज' मात्र नकोच.

बातमीत एवढं लिहिलं तरी पुरे: 'रडारची अचूकता तपासण्यासाठी उपग्रहाचा लक्ष्य म्हणून वापर केला.' आणि 'लक्ष्य'मधला 'य' गाळू नका. 'लक्ष' म्हणजे ध्यान, नाहीतर शंभर हजार.