ऑस्टिन की एडिसन?

प्रिय मृण्मयी,

तुझी मेल दोनदा वाचली. हिंजवडीची कंपनी तुला एल-१बी व्हिसावर, म्हणजे कंपनीच्याच परदेशी ऑफिसात बदलीवर, पाठवतेय, ऑस्टिन किंवा न्यू जर्सी यातलं एक ऑफिस महिनाअखेर कळवायचंय, टेक्सासात राज्याचा आयकर नाही म्हणून अनिकेतचा कौल तिकडे, आणि वर्ष-दोन वर्षांत मूल हवंय. शेवटी विचारलंयस, "मावशी, बातम्या बघून धडकी भरते. ट्रम्प असताना यावं का?"

व्हाइट हाउसमध्ये कोण बसलंय याने तुझ्या कागदांना फरक पडेल, पुष्कळ पडेल. पण तुझं बाळंतपण, रजा, पोराची शाळा हे सगळं ठरतं ते तू कुठल्या राज्यात राहतेस त्यावर. मी ह्यूस्टनजवळ चार वर्षं काढली, आता तेरा वर्षं न्यू जर्सीतल्या एडिसनला आहे. देश एकच, पण दोन्हीकडचे कायदे इतके वेगळे की सासर बदलल्यासारखं वाटलं.

आधी कागदांचं. १९ सप्टेंबर २०२५ चा शुक्रवार मी विसरणार नाही. नव्या एच-१बी ला, म्हणजे कुशल नोकरदारांच्या व्हिसाला, एक लाख डॉलर भरायचा हुकूम संध्याकाळी निघाला आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्रभर रडारड. लग्नकार्याला भारतात गेलेली पोरं रविवारच्या आत परतायला मिळेल त्या भावाने तिकिटं काढत होती. शनिवारी खुलासा आला की ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना हे लागू नाही. तोवर तिकिटांचे पैसे गेलेच. एल-१ यातून वाचला, म्हणूनच तुझी कंपनी तुला त्यावर पाठवतेय.

असे हुकूम रातोरात का निघतात, तेही समजून घे. सिनेटमध्ये शंभर सभासद, पण बहुतेक कायदे पुढे सरकायला साठ मतं लागतात आणि ती कोणाकडेच नसतात. २०१३ मध्ये स्थलांतराचं मोठं विधेयक सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं, खालच्या सभागृहाने ते मतदानालाच घेतलं नाही. तेव्हापासून जो येतो तो सहीने कारभार करतो, पुढचा येऊन ती सही पुसतो, मधल्या मध्ये न्यायाधीश स्थगिती देतात. तू आलीस की हेच तुझं हवामान.

एल-१बी ची ग्यानबाची मेख अशी: मुदत पाच वर्षं, आणि ती त्याच कंपनीशी बांधलेली. पगार पटला नाही म्हणून शेजारच्या कंपनीत उडी मारता येत नाही. पाच वर्षांनंतर राहायचं तर एच-१बी हवा, म्हणजे दर मार्चला ८५ हजार जागांच्या सोडतीत नाव घालायचं. इथे राहूनच व्हिसाचा प्रकार बदलला तर सध्याच्या नियमाप्रमाणे ते लाख डॉलर लागत नाहीत, म्हणून पहिल्याच मार्चपासून नाव घालायचं कंपनीकडून लेखी घे. नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त साठ दिवस. ग्रीन कार्डात कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे आइसलँडची आणि आपली रांग सारख्याच रुंदीच्या खिडकीवर. पोरं कॉलेजात जातात तरी आईबापांचा नंबर लागत नाही. अनिकेतला मात्र एल-२ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, वेगळा परवाना न काढता नोकरी करता येते.

बाळ इथे जन्मलं तर नागरिक होईल का, हेही विचारलंयस. चौदावी घटनादुरुस्ती १८६८ ची, आणि १८९८ मध्ये वाँग किम आर्क या चिनी आईबापांच्या मुलाच्या खटल्यात न्यायालयाने 'इथे जन्मला तो इथला' हे पक्कं केलं. ट्रम्पनी २० जानेवारी २०२५ ला, शपथ घेतली त्याच दिवशी, हुकूम काढला की आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसेल तर नाही. म्हणजे नेमके तुम्ही दोघं. खालच्या न्यायालयांनी तो अडवला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण सुनावणीला घेतलं. बेत आखताना 'मूल अमेरिकन होईल' हे गृहीत धरू नकोस, एवढंच.

आता राज्यांचं. इथे मी जरा आवाज चढवणार आहे, कारण अनिकेतने फक्त आयकराचा तक्ता पाहिलाय.

जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा देशभरचा हक्क काढून घेतला आणि प्रश्न राज्यांवर सोडला. त्याच ऑगस्टपासून टेक्सासात जवळजवळ पूर्ण बंदी आहे. अपवाद एकच: आईच्या जिवाला धोका, किंवा शरीराचं एखादं महत्त्वाचं कार्य गंभीरपणे बिघडण्याची भीती. बलात्कार अपवादात नाही, गर्भातलं गंभीर व्यंगही नाही. डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. आपल्याकडे १९७१ पासून कायदा आहे आणि गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड चोवीस आठवड्यांनंतरही परवानगी देऊ शकतं, म्हणून आपल्या मुलींच्या हे डोक्यातच येत नाही. तू म्हणशील, मला तर मूल हवंय. अगं, हवं असणाऱ्यांनाच हे भोवतं. सविता हलप्पनवार आठव, बेळगावची, आयर्लंडमध्ये २०१२ साली वारली. तिलाही मूल हवंच होतं. सतराव्या आठवड्यात गर्भपात अटळ दिसत होता, पण ठोके ऐकू येत होते म्हणून डॉक्टर थांबून राहिले. टेक्सासातही २०२५ मध्ये कायद्यात 'डॉक्टरांनी थांबायचं कारण नाही' अशी सुधारणा करावी लागली, यावरून काय ते समज. न्यू जर्सीत हा निर्णय बाई आणि तिच्या डॉक्टरचा आहे.

रजेचं ऐकून तर तू हसशील. भारतात २०१७ पासून २६ आठवडे भरपगारी. इथे केंद्राचा कायदा १९९३ चा: बारा आठवडे, बिनपगारी, तेही पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत वर्ष भरलं असेल तर. न्यू जर्सीत राज्याचा विमा आहे, तुझ्याच पगारातून कापतात आणि बाळंतपणात व त्यानंतर बाळासोबत राहायला पगाराचा मोठा भाग देतात. टेक्सासात कंपनी देईल ते.

आयकराचं खरं आहे, पण माझ्यासमोर आत्ता घरपट्टीचं बिल पडलंय, फेब्रुवारीचा हप्ता. वर्षाचे अकरा हजार डॉलर. त्यात काउंटी, गाव, वाचनालय असे वेगवेगळे आकडे आणि निम्म्याहून जास्त रक्कम एकट्या शाळेची. दर तीन महिन्यांनी पोटात गोळा येतो. टेक्सासातही शाळा बऱ्याच अंशी घरपट्टीवरच चालतात, तिथलेही दर चढे, आणि भाड्याने राहिलीस तर मालक ते भाड्यात लावतोच. गरीब वस्तीची शाळा गरीब राहते, हे अन्याय्य आहे असं म्हणत सॅन अँटोनियोचे पालक न्यायालयात गेले होते. १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी हरले. म्हणून इथे आपले लोक घर बघताना आधी शाळेचा क्रमांक बघतात आणि मग स्वयंपाकघर.

आणि बंदुका. टेक्सासात २०२१ पासून परवान्याशिवाय पिस्तूल बाळगून फिरता येतं. आमच्या तिकडच्या किराणा दुकानाच्या दारावर '३०.०६' असा आकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला असायचा. मला वाटलं, उघडण्याची वेळ. कॅशियर पोरीने सांगितलं, पिस्तूल लपवून आत येऊ नका असं सांगणारं ते कलम. दिवाळीची खरेदी करताना रोज वाचायचे.

आता थोडं आपल्या माणसांबद्दल. गणपतीत आरती झाली की पंगतीत कोणीतरी हमखास म्हणतं, "आम्ही रांगेत उभं राहून आलो, बाकीचे घुसखोर." मला राग येतो. १९२३ मध्ये याच सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांना सांगितलं, तू गोरा नाहीस, तुला नागरिकत्व नाही. ते पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात होते तरी. १९४६ मध्ये भारताला वर्षाला शंभर जागा मिळाल्या. रांग खरी उघडली १९६५ मध्ये, काळ्या लोकांनी लाठ्या आणि कुत्री अंगावर घेऊन हक्क मिळवले त्या लाटेत. आपण आलो ते त्यांनी उघडलेल्या दारातून. हे मी पंगतीत बोलले की वाढपी माझ्या पानापाशी जरा कमी थांबतात.

तूही वाद घालशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. घाल, पण भान ठेव. व्हिसाच्या अर्जात मागच्या पाच वर्षांची सोशल मीडियाची खाती लिहून द्यावी लागतात. रुमेसा ओझतुर्क ही टफ्ट्स विद्यापीठातली तुर्की विद्यार्थिनी. विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात गाझाबद्दल इतर तिघांसोबत लेख लिहिला होता, मार्च २०२५ मध्ये तिला रस्त्यातून उचललं, सहा आठवडे लुइझियानात कोंडलं. न्यायाधीशाने सोडली. भाषणस्वातंत्र्य इथे आहेच, पण ते सिद्ध होईपर्यंतचे सहा आठवडे तुझे असतात.

माझ्या धाकट्याला मध्ये शाळेत चक्कर आली, शाळेने ॲम्ब्युलन्स बोलावली, दोन मैलांचं बिल आलं चौदाशे डॉलर. अचानक येणाऱ्या बिलांविरुद्ध २०२२ पासून कायदा आहे, पण त्यात रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स वगळलीय, हेलिकॉप्टर धरलंय. विमा निवडताना ही ओळ शोधून वाच.

माझं मत एडिसन. थंडी आहे, घरं महाग आहेत, पण बाळ होईपर्यंत तरी इथे राहा, पुढे ऑस्टिनला खुशाल जा. तरीही ऑस्टिनच ठरत असेल तर तिथल्या ऑफिसात गेल्या दोन वर्षांत बाळंत झालेल्या एखाद्या मुलीचा नंबर मिळव. एचआरला विचारू नकोस, तिला विचार: रजा किती मिळाली, हातात पैसे किती आले, आणि डॉक्टर कुठल्या प्रश्नाला गप्प बसले.

तुझी,
मावशी