कुत्रा पिंजऱ्याचं दार उचकटून बाहेर येतो, घरी एकटा कसा ठेवू?

कुलूप बदलण्याआधी जुना मोबाईल समोर ठेवून तुमच्या मागे काय होतं ते रेकॉर्ड करा. तुम्ही बाहेर पडताच धापा, लाळ, रडणं, गजांना चावणं सुरू होत असेल तर तो खोडकर नाही, घाबरलेला आहे. अशा कुत्र्याला आणखी भक्कम पिंजऱ्यात कोंडू नका. सुटण्याच्या धडपडीत दात तुटतात, नखं उपटतात. त्याला खिडकीतून बाहेर पडता येणार नाही अशी, हवेशीर, सुरक्षित खोली द्या आणि पशुवैद्यांना रेकॉर्डिंग दाखवा. एकटेपणाच्या भीतीवर फ्लुओक्सेटिनसारखी औषधं आहेत, पण ती त्यांच्याच सल्ल्याने. सोबत काही सेकंदांपासून हळूहळू वाढवत एकटं राहायची सवय लावावी लागते.

कुत्रा शांत असेल आणि नुसती कडी उघडायला शिकला असेल तर काम सोपं आहे. दाराच्या वर-खाली आणि घडीच्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यांना धातूचे कॅराबिनर हूक (स्प्रिंगने बंद होणाऱ्या कड्या) लावा. आधी पिंजऱ्याची सवय व्हावी म्हणून दार उघडं ठेवून जेवण आतच द्या.

आणि गळ्यातला पट्टा, हार्नेस काढूनच आत सोडा. पट्टा गजात अडकून कुत्र्यांना फास बसतो. उन्हाळ्यात पंखा आणि पाणी हवंच. वयाने मोठ्या कुत्र्यालाही सलग ४ तासांपेक्षा जास्त कोंडू नये. मधे शेजारच्या कुणाला तरी फिरवून आणायला सांगा.