२००९च्या 'स्टार ट्रेक'मधलं नवं 'एंटरप्राइझ' पाहून जुने चाहते एवढे का भडकले होते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिग्दर्शक जे. जे. एब्रम्सचा २००९चा 'स्टार ट्रेक' हा चित्रपट तुम्ही नुकताच पाहिलात, त्यातलं 'एंटरप्राइझ' हे अंतराळातलं जहाज तुम्हाला झकास वाटलं, आणि मग कळलं की जुने चाहते त्याच जहाजाच्या नावानं अजून खडे फोडतायत. जे जहाज अस्तित्वातच नाही, त्याच्या आकारावरून एवढा गहजब कशाला?

गहजब झाला होता हे खरंच. पण 'जुन्या लोकांना बदल सोसवत नाही' हे जे ठरलेलं उत्तर मिळतं, ते मला पटत नाही. याच मंडळींनी तीस वर्षांपूर्वी त्याच जहाजाचा बदललेला अवतार अक्षरशः डोक्यावर घेतला होता. भांडण बदलाचं नव्हतं, प्रमाणबद्धतेचं होतं. आणि थोडं दुसऱ्याच कशाचं तरी होतं, त्याकडे येतो.

मूळ जहाज मॅट जेफरीजनं आखलेलं. १९६६ साली टीव्हीवर 'स्टार ट्रेक' मालिका सुरू झाली त्याआधी तिचा निर्माता जीन रॉडनबेरीनं त्याला ताकीद दिली होती की पंख नकोत, रॉकेट नकोत, मागून निघणारा जाळ नको. जेफरीज स्वतः विमान चालवणारा माणूस, त्यामुळे त्यानं नुसतं चित्र काढलं नाही, यंत्राचा विचार केला. एवढी प्रचंड ताकद असलेली इंजिनं माणसांपासून लांब हवीत, म्हणून ती वेगळ्या खांबांवर. दुरुस्ती आतूनच होणार, मग बाहेरचं अंग गुळगुळीत. पुढं मोठी बशी, बशीखाली मान, मानेखाली लांबट धड, आणि धडातून तिरके वर गेलेल्या दोन खांबांवर दोन सरळसोट नळकांडी, म्हणजे नॅसेल. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं भांडण यावरच आहे.

चित्रीकरणासाठी त्याचं ११ फुटांचं मॉडेल केलं होतं. आतल्या दिव्यांच्या वायरी डाव्या बाजूनं आत जायच्या, म्हणून ती बाजू कधी पूर्ण केलीच नाही. कॅमेरा उजवीकडूनच लावायचा. आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहे. म्हणजे खऱ्या विमानांच्या आणि यानांच्या पंगतीत लाकडाचं आणि प्लास्टिकचं एक खोटं यान. लोकांचा या नावावर जीव किती, तर नासाच्या पहिल्या स्पेस शटलचं नाव 'कॉन्स्टिट्यूशन' ठरलं होतं. चाहत्यांनी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्याकडे पत्रांचा पाऊस पाडला आणि सप्टेंबर १९७६मध्ये ते शटल 'एंटरप्राइझ' नावानं कॅलिफोर्नियातल्या पामडेलला बाहेर आलं. समारंभाला मालिकेतले बरेच नट हजर होते.

आता १९७९चा पहिला चित्रपट घ्या. जहाजाचा कायापालट झाला होता. नॅसेल चपटी, खांब मागं झुकलेले, वरचा पांढरा पत्रा मोत्यासारखा चमकणारा. पण चित्रपटानं दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे कथेतच सांगितलं की अठरा महिने जहाज गोदीत होतं, नव्यानं बांधलं जात होतं. दुसरी म्हणजे कप्तान कर्क आणि जहाजाचा इंजिनियर स्कॉटी एका लहानशा यानात बसून त्या जहाजाभोवती हळूहळू फिरतात, असा जवळपास पाच मिनिटांचा प्रसंग ठेवला. संवाद जवळजवळ नाही, फक्त जेरी गोल्डस्मिथचं संगीत. बाकी चित्रपट संथ आहे म्हणून नावं ठेवणारेही हा प्रसंग पुन्हा लावून बघतात. नवी सून घरात आली तर ओळख करून द्यायला वेळ लागतोच, तो त्यांनी दिला.

२००९ला काय झालं? २००८च्या जानेवारीत पहिली झलक आली, त्यात वेल्डिंग करणारे कामगार आणि जमिनीवर उभं राहणारं जहाज. तिथूनच ठिणगी पडली, कारण जहाज अवकाशातल्या गोदीत बांधतात अशी सगळ्यांची पक्की समजूत. नोव्हेंबरमध्ये पूर्ण चित्र बाहेर आलं आणि रणधुमाळी सुरू झाली. रायन चर्चच्या मूळ आराखड्यावर आयएलएम या स्पेशल इफेक्ट्स कंपनीच्या लोकांनी काम केलं होतं. एब्रम्सला आकार जुनाच हवा होता, पण बाज 'हॉट रॉड'चा, म्हणजे अमेरिकेत जुन्या गाड्यांना मोठं इंजिन घालून, टायर फुगवून शर्यतीसाठी तयार करतात तसा.

मी मॉडेलं बनवतो, त्यामुळे दोन्ही जहाजं माझ्या टेबलावर शेजारी शेजारी असतात. समोरून, जरा खालून बघितलं तर नवं जहाज देखणं आहे, अगदी खरं सांगतो. अंगावर धावून आल्यासारखं वाटतं. पडद्यावर बहुतेक वेळा ते असंच दिसतं, म्हणून तुम्हाला आवडलं. आता बाजूनं बघा. नॅसेल पुढं फुगीर आणि मागं निमुळती, शिवाय एकमेकांच्या नको तितकी जवळ. खालचं धड त्यांच्यापुढं बारकं वाटतं, मागे तर एकदमच निमुळतं होत जातं. जेफरीजच्या जहाजात कुठल्याही बाजूनं पाहिलं तरी तीन वजनं एकमेकांना तोलून धरतात. इथं वजन सगळं वर आणि पुढं. चाहत्यांनी त्याला 'जेजेप्राइझ' हे जे नाव ठेवलं ते कायमचं चिकटलं.

मग आला आकाराचा वाद, आणि इथं मात्र मी चाहत्यांच्या बाजूनं पूर्ण उभा आहे. मूळ जहाज २८९ मीटर लांब. नव्याची अधिकृत लांबी ७२५ मीटरच्या आसपास सांगितली गेली. लांबी अडीच पट, म्हणजे आतली जागा पंधरा-सोळा पट! पण बशीच्या कडेला खिडक्यांच्या दोनच ओळी आहेत, बरोबर १९७९च्या जहाजासारख्या. तसंच बाहेरच्या अंगावरचे बरेच बारकावे जुन्या जहाजाच्या मापाचे. म्हणजे जहाज आधी लहान मापाचं आखलं आणि नंतर ताणून मोठं केलं, हे डोळ्यांना दिसतं. म्हणून एक गट म्हणायचा की ते ३६६ मीटरच आहे. दुसरा गट शटल म्हणजे छोटी यानं उतरवायचा प्रचंड हँगर आणि ब्रिजची, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीची, काच मोजून ७२५ सिद्ध करायचा. लोकांनी चित्रपट थांबवून पट्ट्या लावल्या. बाहेरून हा वेडेपणा वाटतो, पण ज्या मालिकेनं आपल्या प्रेक्षकांना जहाजाचे मजल्यावार नकाशे वाचायची सवय लावली, त्या प्रेक्षकांनी दुसरं काय करायचं?

आतली गोष्ट आणखी मजेशीर. ब्रिज इतका पांढरा आणि चकचकीत की त्याला ॲपलचं दुकान म्हणून चिडवलं गेलं. आणि इंजिन रूम? ती सेटवर नाही, लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइज भागातल्या बडवायझरच्या बिअर कारखान्यात चित्रित केली. स्टीलच्या टाक्या, पाइप, झडपा, खाली सिमेंटची जमीन. स्कॉटी पाण्याच्या पाइपात अडकतो तो प्रसंग आठवा. एका मजल्यावर तेविसावं शतक आणि खालच्या मजल्यावर बिअरचं उत्पादन. पैसे वाचले असतील, पण वर आणि खाली एकाच जहाजात आहोत असं मला एकदाही वाटलं नाही. पुढच्या, २०१३च्या चित्रपटात इंजिन रूमसाठी कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर संस्थेच्या खऱ्या लेझर-संलयन प्रयोगशाळेत चित्रीकरण केलं, तेव्हा टीका करणाऱ्यांचं तोंड जरा बंद झालं.

आता ते 'दुसरं काहीतरी'. या चित्रपटानं कथेत काळाला फाटा फोडला आणि चाळीस वर्षांची जुनी कथा बाजूला ठेवली. त्याचा राग अनेकांना होता. पण 'नवी कालरेषा मला मान्य नाही' असं म्हणून भांडता येत नाही, ते फार धूसर आहे. नॅसेल जाड आहे, यावर भांडता येतं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. याला माझ्याकडे पुरावा म्हणाल तर त्याच चित्रपटातलं 'केल्विन' जहाज. पहिल्या काही मिनिटांत येतं आणि नष्ट होतं. बशी, वर धड, खाली एकच नॅसेल, म्हणजे 'एंटरप्राइझ'पेक्षा कितीतरी विचित्र. तरी त्याच्यावर कोणी तुटून पडलं नाही, उलट ते आवडलं. कारण त्याच्याशी तुलना करायला कोणाच्या मनात जुनं काही नव्हतं.

वेळ गेला की राग निवळतो, हेही आहे म्हणा. १९८७ला 'नेक्स्ट जनरेशन' या पुढच्या मालिकेचं रुंद, पसरट जहाज आलं तेव्हा त्यालाही लोकांनी नाकं मुरडली होती. २०२३मध्ये 'पिकार्ड' मालिकेच्या शेवटच्या हंगामात तेच जहाज, तोच गालिचा घातलेला ब्रिज परत आला तर पन्नाशीतले लोक रडत होते.

पण २००९च्या जहाजाला तेवढा वेळ मिळालाच नाही. २०१६च्या चित्रपटात त्याचे तुकडे तुकडे केले आणि शेवटी आकारात फेरफार केलेलं नवं जहाज आणलं. २०२२च्या 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' मालिकेत जे 'एंटरप्राइझ' आहे तेही जेफरीजचं जसंच्या तसं नाही. खांब वेगळे, पृष्ठभाग वेगळा, लांबीही वाढवलेली. तरी त्यावर फारशी बोंब झाली नाही, कारण बशी, धड आणि नॅसेल यांचं आपसातलं नातं जुन्याच्या जवळ ठेवलंय. ते एकदा बाजूनं दिसेल असा प्रसंग शोधून बघा, आणि मग २००९चं बघा. मी वर एवढं लिहिलंय ते पाच सेकंदांत दिसेल.