‘नवोन्मेष’, ‘उपभोक्ता’, ‘संघटना’ : एका शीर्षकातील शब्दांविषयी

प्रश्न असा आहे : धुळ्यातील वाणिज्य शाखेच्या एका अध्यापिकेला मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या टिपणाला ‘नवोन्मेष आणि संप्रेषण यांचा उपभोक्ता वर्तन व संघटनात्मक वर्तन यांवरील प्रभाव’ असे शीर्षक द्यायचे आहे. त्यातील शब्द योग्य आहेत का, आणि ‘इनोव्हेशन’साठी नवोन्मेष, नवोपक्रम, नवप्रवर्तन, नावीन्य यांपैकी कोणता शब्द घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

या शीर्षकातील ‘वर्तन’ हा एकच शब्द मी निःशंकपणे ठेवीन. ‘वर्तणूक’ म्हटले की चांगल्या-वाईटाचा निवाडा आला, कारण दाखला मिळतो तो चांगल्या वर्तणुकीचा. ‘वागणूक’ ही एकाने दुसऱ्याला दिलेली असते. माणसे काय करतात याची तटस्थ नोंद घ्यायची असेल, तर ‘वर्तन’ हाच शब्द योग्य आहे. बाकीचे शब्द मात्र तपासून पाहावे लागतील.

‘उन्मेष’ म्हणजे डोळा उघडणे, उमलणे. संस्कृत काव्यशास्त्रज्ञ भट्टतौताने प्रतिभेला ‘नवनवोन्मेषशालिनी प्रज्ञा’ म्हटले, तेव्हापासून हा शब्द काव्यशास्त्राच्या दारातून आपल्याकडे आलेला आहे आणि त्याला त्या घराचा वास अजून आहे. कवीला किंवा संशोधकाला काही नवे सुचले, तर तो नवोन्मेष खरा. पण ते सुचलेले कोणी वापरले की नाही, याविषयी हा शब्द काहीच सांगत नाही. व्यवस्थापनशास्त्राला तर नेमके तेच सांगायचे असते. अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुंपेटर यांनी शोध लागणे आणि तो व्यवहारात येणे या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या. समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ साली नव्या गोष्टींच्या प्रसाराविषयी जी मांडणी केली, तिच्यातही वस्तू जगात पहिल्यांदाच अवतरलेली असणे आवश्यक नाही. स्वीकारणाऱ्याला ती नवी वाटली की पुरे. ‘प्रवर्तन’ या शब्दात चालना देणे, प्रचारात आणणे हा अर्थ मुळातच असल्यामुळे पाठ्यपुस्तकासाठी मी ‘नवप्रवर्तन’ निवडतो. तो उच्चाराला जड आहे हे मान्य. पण जड शब्दाची सवय होते, चुकीच्या शब्दाने मात्र विद्यार्थ्याची समजूतच चुकते. ‘नवोपक्रम’ हा एखाद्या शाळेने वा कार्यालयाने हाती घेतलेल्या कामापुरता ठीक आहे आणि ‘नावीन्य’ हा वस्तूचा गुण झाला, क्रिया नव्हे.

आपल्या भागातले उदाहरण घेतले तर हा फरक लगेच उमगतो. ठिबक सिंचनाची कल्पना खानदेशात जन्मली नाही. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात भवरलाल जैन यांच्या जळगावच्या उद्योगाने ती येथे आणली, आणि पुढे रावेर-यावलच्या केळीच्या बागांमध्ये ती इतकी रुळली की ‘केळी ठिबकवर आहे’ हे वाक्य आता कोणालाच तांत्रिक वाटत नाही. जळगावात जे घडले त्याला नवोन्मेष म्हणता येणार नाही. नवप्रवर्तन मात्र ते निश्चित होते. येथे शब्दानेही आपला वाटा उचलला असावा असे मला वाटते. ‘ठिबक’ हे ‘ठिबकणे’ या घरच्या क्रियापदावरून आलेले नाम असल्यामुळे नळीतून काय होणार, हे शब्द ऐकताच कळते. ऊतिसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) तयार केलेल्या केळीच्या रोपांचे तसे झाले नाही. कंद लावणाऱ्या शेतकऱ्याने ती रोपे स्वीकारली, पण ‘ऊतिसंवर्धन’ हा शब्द पत्रकातच ठेवून ‘टिश्यूची रोपे’ असे म्हणणे पसंत केले. शिवाय नव्यासाठी केळीपट्ट्यात ‘नवती’ हा सुरेख शब्द आहेच : पहिल्या लागवडीची ती नवती आणि मागून पिलांवर, म्हणजे बुंध्याशी फुटलेल्या कोंबांवर, धरलेली ती पिलबाग. पारिभाषिक शब्द घडवणाऱ्यांचे कान इकडे वळायला हवे होते.

‘कम्युनिकेशन’साठी योजलेल्या ‘संप्रेषण’ या शब्दात प्रेषण आहे, म्हणजे पाठवणे आहे. पोहोचणे आणि पटणे त्यात गृहीत धरलेले नाही. अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याचे बियाणे शेतकऱ्यांनी कसे स्वीकारले, याचा ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी केलेला अभ्यास १९४३ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, बियाण्याची पहिली वार्ता बहुधा विक्रेत्याकडून मिळाली, पण ते पेरण्याचा निर्णय घेताना वजन पडले ते शेजाऱ्याच्या शब्दाचे. विक्रेत्याने केले ते संप्रेषण आणि शेजाऱ्याशी झाला तो संवाद, असे मी मराठीत म्हणेन. आपल्याकडची शिवारफेरी या दुसऱ्या प्रकारात मोडते, कारण तेथे शेतकरी दुसऱ्याच्या बांधावर उभा राहून घड पाहतो, खर्च विचारतो आणि मग काय ते ठरवतो. टिपणात दोन्ही वाटांचा विचार असेल, तर दोन्हींना सामावून घेणारा ‘संज्ञापन’ हा शब्द घ्यावा. पुणे विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्या विभागाच्या नावात तो आहे, त्यामुळे अगदीच अनोळखी नाही. केवळ जाहिरात आणि परिपत्रके यांविषयी लिहायचे असेल, तर संप्रेषण चालेल.

आता ‘उपभोक्ता’. मराठी अर्थशास्त्राच्या पुस्तकांत हा शब्द रूढ आहे आणि तेथे तो योग्यही आहे, कारण तेथे चर्चा उपभोगाची असते. परंतु विकत घेणारा आणि उपभोगणारा नेहमी एकच नसतो. रावेर किंवा सावद्याहून रेल्वेने दिल्लीला जाणाऱ्या केळीचा उपभोक्ता म्हणजे तिकडे ती सोलून खाणारा माणूस. बागेवर येऊन माल काढणारा व्यापारी हे शेतकऱ्याचे गिऱ्हाईक. पण कायद्याच्या भाषेत हा व्यापारी ‘ग्राहक’ नव्हे, कारण १९८६च्या आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने पुनर्विक्रीसाठी माल घेणाऱ्याला त्या व्याख्येतून वगळले आहे. उलट बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहक ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात २०१२ साली स्पष्ट केले. ‘ग्राहक’ आणि ‘गिऱ्हाईक’ हे एकाच मुळाचे शब्द. तरीही एकाला हक्क मिळाले, आणि दुसऱ्याच्या वाट्याला नपुंसकलिंग आले, वर ‘एखाद्याचे गिऱ्हाईक करणे’ म्हणजे त्याची टर उडवणे हा वाक्प्रचारही आला. टिपणात खरेदीचा निर्णय केंद्रस्थानी आहे, तेव्हा ‘ग्राहकवर्तन’ लिहावे. याला व्याकरणाचेही पाठबळ आहे : ‘उपभोक्ता वर्तन’ हा समास ‘नेतृत्व’, ‘वक्तृत्व’ यांच्या चालीवर ‘उपभोक्तृवर्तन’ असा करावा लागेल, आणि तो वाचताना विद्यार्थी अडखळणारच.

‘संघटनात्मक वर्तन’ विद्यापीठीय मराठीत रूढ असले, तरी सामान्य मराठी वाचकाला संघटना म्हटले की कामगारांची किंवा शेतकऱ्यांची संघटना आठवते, आणि ‘संघटनात्मक बांधणी’ तर राजकीय पक्षांचीच असते. फ्रूट सेल सोसायटी, दूध संघ, सूतगिरणी, बँक, कारखाना या सर्वांना एकत्र सांगणारा शब्द ‘संस्था’ हाच आहे. ‘आस्थापना’ सुचवणारे काही जण भेटतात. पण सरकारी कार्यालयात ती नेमणुका आणि रजा यांची शाखा असते.

तेव्हा शीर्षक असे करता येईल : ‘नवप्रवर्तन आणि संज्ञापन यांमुळे ग्राहकांच्या व संस्थांच्या वर्तनात होणारे बदल’. ‘प्रभाव’ मी मुद्दाम गाळला आहे, कारण वर्तनात काय बदलले हे सांगण्याची जबाबदारी तो शब्द लेखकाला टाळू देतो. टिपणाच्या आत मात्र प्रत्येक वाक्यात ‘नवप्रवर्तनाचा स्वीकार’ लिहिण्याऐवजी ‘नवी पद्धत रुजली’, ‘रुळली’ असे खुशाल लिहावे. त्यातही रुजणे आधी आणि रुळणे नंतर, हा क्रम सांभाळावा.

शेवटी एक लेखनाचा मुद्दा. ‘नवीन’पासून होणारे भाववाचक नाम ‘नावीन्य’ असे, दीर्घ ‘वी’ घालून लिहावे, जसे ‘प्रवीण’पासून ‘प्रावीण्य’ होते. शासकीय कागदांत सर्रास दिसणारा ‘नाविन्यता’ हा शब्द ऱ्हस्व ‘वि’मुळेही चुकतो आणि आधीच भाववाचक असलेल्या नामाला पुन्हा ‘ता’ जोडल्यामुळेही.