रात्री घट्ट, सकाळी पातळ : बनाना पुडिंगविषयी वाचकांचे प्रश्न

बनाना पुडिंग घरी करून पाहणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. दुधाचे घट्ट कस्टर्ड, पिकलेली केळी आणि हलकी गोड बिस्किटे यांचे थर एकावर एक रचून गार केलेला हा पदार्थ दिसायला अगदी सोपा आहे. तो बिघडतो मात्र बहुतेक वेळा एकाच ठिकाणी, म्हणजे कस्टर्ड शिजवताना. म्हणून पहिल्या उत्तराला जरा जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : दूध, साखर, कॉर्नफ्लोअर आणि अंड्याचे पिवळे बलक शिजवून मी कस्टर्ड केले. ते चमच्याला धरेल इतके दाट झाले, म्हणून आनंदाने थर लावून पुडिंग रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी पाहते तर कस्टर्ड ताकासारखे पातळ! कॉर्नफ्लोअर कमी पडले असेल का?

कॉर्नफ्लोअर कमी पडले असते, तर कस्टर्ड रात्रीही दाट झाले नसते. आधी दाट झालेले कस्टर्ड नंतर सैल पडले, याचा अर्थ त्यातील पिष्ट रात्रभरात कशाने तरी मोडले. हे काम अंड्याच्या बलकाचे आहे. बलकात अमायलेज नावाचे विकर (एन्झाइम) असते आणि पिष्टाच्या लांब साखळ्या तोडणे हेच त्याचे काम असते. कस्टर्ड पुरेसे तापले नाही, तर हे विकर जिवंत राहते आणि फ्रिजच्या गारव्यातही सावकाश आपले काम करत राहते.

तुम्ही कस्टर्ड दाट होताच आचेवरून उतरवले असणार, आणि त्यामागची भीतीही मला ठाऊक आहे : उकळले तर अंडे फुटेल. मीसुद्धा बरीच वर्षे याच भीतीने पातेले घाईने उतरवत असे आणि दुसऱ्या दिवशी दुधाला, फ्रिजला, अगदी हवेलाही दोष देत असे. नुसत्या अंड्यावर घट्ट होणाऱ्या कस्टर्डसाठी ही भीती खरी आहे, कारण ते साधारण ८० ते ८५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की दाणेदार होऊन फुटते. परंतु ज्या कस्टर्डमध्ये पुरेसे कॉर्नफ्लोअर असते, त्यात फुगलेले पिष्टाचे कण बलकातील प्रथिनांच्या आड येतात आणि त्यांना एकमेकांना घट्ट धरून गुठळ्या करू देत नाहीत. म्हणून असे कस्टर्ड उकळता येते. नव्हे, ते उकळलेच पाहिजे. कॉर्नफ्लोअर ७० अंशांच्या आसपास दाट होऊ लागते, पण त्याची पूर्ण घट्टी ९५ अंशांच्या जवळ येते आणि बलकातील विकराचा बंदोबस्तही तिथेच होतो.

उकळी आली हे ओळखणे थोडे फसवे आहे. दाट कस्टर्ड पाण्यासारखे खळखळत नाही आणि आपण सतत ढवळत असल्यामुळे बुडबुडे दिसतही नाहीत. म्हणून कस्टर्ड दाट झाल्यावर चार-पाच सेकंद हात थांबवावा. मधोमध मोठा, जड बुडबुडा वर येऊन फुटला, तर उकळी आली असे समजावे आणि तिथून पुढे मंद आचेवर आणखी एक ते दोन मिनिटे न थांबता ढवळत राहावे. बुडाशी आणि पातेल्याच्या कडेच्या खाचेत कस्टर्ड सर्वांत आधी लागते, तेव्हा रवीबरोबर एखादा चपटा लाकडी चमचाही हाताशी ठेवावा.

पातळ होण्याची आणखी दोन कारणे सांगून ठेवते. पहिले म्हणजे चव पाहिलेला चमचा तसाच परत पातेल्यात घालणे. आपल्या लाळेतही अमायलेज असते आणि गार होत आलेल्या कस्टर्डला तेवढे थेंबही पुरतात. दुसरे म्हणजे पूर्ण गार होऊन बसलेले कस्टर्ड जोराने फेटणे. पिष्टाची जी जाळी थंड होताना तयार होते, ती फेटल्यावर मोडते आणि पुन्हा तशी जुळत नाही.

प्रश्न : अर्धा लिटर दुधाला नेमके प्रमाण काय घ्यावे? साखरेऐवजी कंडेन्स्ड दूध चालेल का?

अर्धा लिटर पूर्ण सायीच्या दुधाला तीन अंड्यांचे बलक, ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, ८० ते ९० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, २० ग्रॅम लोणी आणि एक छोटा चमचा व्हॅनिला इसेन्स घ्यावा. एवढ्या कस्टर्डला मध्यम आकाराची तीन ते चार केळी आणि १५० ग्रॅमच्या आसपास बिस्किटे लागतात. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचे पांढरेशुभ्र पिष्ट. मक्याचे पिवळे पीठ इथे चालणार नाही, ते कस्टर्डला रवाळ करते.

साखर, मीठ आणि कॉर्नफ्लोअर कोरडेच एकत्र करून घ्यावे, त्यात बलक आणि थोडे गार दूध घालून गुळगुळीत मिश्रण करावे. उरलेले दूध वाफ येईपर्यंत तापवून त्यातील दोन-तीन डाव दूध बारीक धारेने या मिश्रणात घालावे आणि त्या वेळी दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. त्यामुळे बलक हळूहळू गरम होतात. मग ते सगळे पातेल्यात ओतून वर सांगितल्याप्रमाणे शिजवावे. लोणी आणि इसेन्स मात्र आचेवरून उतरवल्यावर घालावे, कारण व्हॅनिलाचा सुगंध वाफेबरोबर उडून जातो.

कंडेन्स्ड दूध अवश्य वापरावे, पण त्यात निम्म्याच्या आसपास साखरच असते. ते घातले तर वेगळी साखर जवळजवळ लागत नाही, हे लक्षात न घेतल्यास केळ्याची चव गोडीखाली दबून जाते.

प्रश्न : कस्टर्डमध्ये गुठळ्या झाल्या तर सगळे टाकून द्यावे लागते का?

मुळीच नाही. गरम असतानाच बारीक जाळीच्या गाळणीतून चमच्याने दाबत गाळून घ्यावे. मी तर गुठळ्या नसल्या तरी गाळते, कारण अंड्याच्या पांढऱ्या भागाचे तंतू कधीकधी बलकाबरोबर येतात आणि शिजल्यावर जिभेला टोचतात.

प्रश्न : पुडिंगमधली केळी दुसऱ्या दिवशी काळपट दिसतात. लिंबाचा रस लावला तर चव आंबट होते. दुसरा उपाय आहे का? आणि केळी किती पिकलेली असावीत?

केळे कापले की त्याच्या पेशी फुटतात, आणि त्यातील एक विकर हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने केळ्यातल्या डोपामाइनसारख्या द्रव्यांपासून तपकिरी रंग तयार करते. म्हणजे काळे पडायला विकर आणि हवा दोन्ही लागतात. लिंबाचा आंबटपणा विकराला मंद करतो, पण माझ्या मते हवा अडवणे हाच इथे अधिक चांगला उपाय आहे. केळी अगदी शेवटी, थर लावायला घेतल्यावरच कापावीत, चकत्या सुमारे अर्धा सेंटिमीटर जाड ठेवाव्यात आणि त्यांच्यावर लगेच कस्टर्ड ओतून एकही कड उघडी राहणार नाही असे पाहावे. यासाठी कस्टर्ड कोमट आणि ओतता येण्याजोगे असावे लागते. घट्ट बसलेले कस्टर्ड फटींमध्ये उतरत नाही आणि तिथेच हवा राहते. काचेच्या भांड्याच्या कडेला लावलेल्या चकत्या दिसायला सुरेख असतात, पण काच आणि चकती यांच्यामध्ये हवा अडकली की त्याच आधी काळ्या पडतात. सजावटीच्या चकत्या वाढण्याच्या क्षणीच कापाव्यात. तरीही लिंबू वापरायचे असेल, तर तीन केळ्यांना एक छोटा चमचा रस हलक्या हाताने चोळणे पुरेसे आहे.

केळे पूर्ण पिवळे, देठाशी हिरवेपणा नसलेले आणि सालीवर नुकतेच तपकिरी ठिपके येऊ लागलेले असावे. कच्च्या केळ्यात पिष्ट भरपूर असते आणि पिकताना त्याची साखर होत जाते, त्यामुळे अर्धवट पिकलेले केळे जिभेला तुरट आणि पिठूळ लागते. उलट, साल पूर्ण काळवंडलेले केळे एका रात्रीत लगदा होऊन पाणी सोडते.

याच पत्रलेखिकेने असेही विचारले आहे की केळी कुस्करून कस्टर्डमध्येच घातली तर चव वाढेल का. चव वाढेल, पण पिष्टाची साखर करणारी विकरे पिकलेल्या केळ्यातही असतातच, त्यामुळे कस्टर्ड सैल पडण्याचा धोका पुन्हा उभा राहतो. केळ्याचा वास कस्टर्डमध्ये हवाच असेल, तर एका केळ्याचे मोठे तुकडे गरम दुधात अर्धा तास ठेवावेत, मग दूध न पिळता गाळून घ्यावे आणि त्या दुधाचे कस्टर्ड करावे. पुढे ते उकळणारच असल्यामुळे विकराची चिंता उरत नाही.

प्रश्न : आमच्या घरी अंडे चालत नाही. बिनअंड्याचे पुडिंग तितकेच चांगले होते का?

चांगले होते आणि एका बाबतीत ते सोपेही आहे, कारण बलक नसल्यामुळे रात्रीतून पातळ होण्याचे मुख्य कारणच नाहीसे होते. अर्धा लिटर दुधाला कॉर्नफ्लोअर ४० ग्रॅम करावे आणि लोणी थोडे वाढवावे, म्हणजे बलकाच्या स्निग्धतेची उणीव बरीचशी भरून निघते. घरात कस्टर्ड पावडर असेल तर तीही चालेल. ती मुळात कॉर्नफ्लोअर, रंग आणि स्वाद यांचेच मिश्रण असते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ साली ती प्रथम तयार केली, तीही पत्नीला अंडे सोसत नसे म्हणून. म्हणजे बिनअंड्याचे कस्टर्ड ही काही अलीकडची तडजोड नाही. फक्त पाकिटावर लिहिलेले प्रमाण पाहावे आणि कस्टर्ड पिठूळ लागू नये म्हणून दाट झाल्यावरही एक-दोन मिनिटे शिजू द्यावे.

प्रश्न : बिस्किटे कधी कडक राहतात, तर कधी अगदी विरघळून जातात. पुडिंग किती वेळ आधी करावे?

बिस्किटाने कस्टर्डमधला ओलावा शोषून केकसारखे मऊ व्हावे, पण त्याचा आकार टिकावा, हीच या पदार्थाची खरी गंमत आहे. अमेरिकेत, जिथे हे पुडिंग एकोणिसाव्या शतकात रुजले, तिथे सुरुवातीला थरांसाठी स्पंज केक वापरत असत. व्हॅनिलाची छोटी गोल बिस्किटे विसाव्या शतकात त्याच्या जागी आली आणि आज दक्षिणेकडील राज्यांत त्यांच्याशिवाय बनाना पुडिंगची कल्पनाही कोणी करत नाही. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की बिस्किटाने शेवटी केकची जागा घ्यायची आहे, हे लक्षात ठेवले की वेळ ठरवणे सोपे जाते. सहा ते आठ तास फ्रिजमध्ये ठेवलेले पुडिंग मला सर्वांत चांगले वाटते. चार तासांच्या आत बिस्किटाचा मध्य कडक राहतो आणि दीड दिवसानंतर थरच ओळखू येत नाहीत. पातळ, खुसखुशीत बिस्किटे लवकर भिजतात, त्यांचे दोन थर एकावर एक द्यावेत. जाड बिस्किटे असतील तर कस्टर्ड थोडे अधिक गरम असताना ओतावे.

प्रश्न : वरून फेटलेले क्रीम घालावे की मरँग, म्हणजे साखर घालून फेटलेला अंड्याचा पांढरा भाग? मरँगखाली नेहमी पाणी सुटते.

मरँग घालायचे असेल तर ते गरम कस्टर्डवरच पसरावे, म्हणजे त्याची खालची बाजूही शिजते. गार कस्टर्डवर पसरले तर ती कच्ची राहते आणि तिथेच पाणी साठते. ते भांड्याच्या कडेला टेकवावे, नाहीतर भाजताना आक्रसते. मग १७५ अंश सेल्सिअसवर सोनेरी होईपर्यंत, साधारण पंधरा मिनिटे भाजावे. लहान मुले, गर्भवती किंवा वृद्ध मंडळी खाणार असतील तर मी क्रीमच सुचवेन, कारण वरवर भाजलेले मरँग आत पुरेसे शिजलेच असेल याची खात्री नसते. क्रीममध्ये किमान ३० टक्के स्निग्धांश असावा, ते आणि भांडे दोन्ही चांगले गार असावे आणि ते वाढण्याच्या थोडे आधी घालावे.

प्रश्न : उरलेले पुडिंग फ्रीझरमध्ये ठेवता येईल का? नाहीतर ते किती दिवस टिकते?

फ्रीझरमध्ये ठेवू नये. गोठून पुन्हा सैल होताना कॉर्नफ्लोअरची जाळी पाणी सोडते आणि कस्टर्ड स्पंजासारखे होते. फ्रिजमध्ये ५ अंशांच्या खाली झाकून ठेवल्यास ते तीन दिवस खाण्याजोगे राहते, मात्र चव पहिल्या दोन दिवसांतच. कस्टर्डवर जाड साय धरू नये म्हणून बटर पेपर किंवा प्लॅस्टिकचा पातळ कागद थेट पृष्ठभागाला चिकटवावा, कारण वर पोकळी राहिली की साय धरतेच. दूध आणि अंडी असलेला पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, म्हणून खोल भांड्याऐवजी पसरट भांडे घ्यावे. त्यात कस्टर्ड लवकर निवते आणि वाढताना प्रत्येकाच्या वाटीत सगळे थर येतात.