ज्यू लोकांच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांचे दिवस कसे जातात? आपल्याकडच्यापेक्षा वेगळे असतात का?

मी अलिबागकडची. दक्षिण इस्रायलमध्ये एका बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू, आजींची सोबत करते. दोन वर्षांपूर्वी त्यांना वृद्धाश्रमात हलवलं, तेव्हा त्यांच्याबरोबर मीही आले. त्यामुळे पाहिलेलंच सांगते.

इथे वृद्धाश्रमाला 'बेत आवोत' म्हणतात, म्हणजे वडीलधाऱ्यांचं घर. 1988 पासून सरकारी विम्यातून घरीच मदतनीस मिळतो, म्हणून माणसं शक्यतो घर सोडत नाहीत. इथे येतात ती अगदी थकल्यावर. सकाळ आपल्यासारखीच: गोळ्या, अंघोळ, चहा, मग उन्हात खुर्च्या. स्वयंपाकघर मात्र कोशेर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांचं: मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी. शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी बायका शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावतात. आगीच्या भीतीने दिवे विजेचे, पण डोळ्यांवर हात धरून प्रार्थना तशीच. शनिवारी लिफ्टचं बटण दाबायचं नाही, ती आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबते.

आमच्या मजल्यावर हंगेरीचे एक आजोबा आहेत. 1944 मध्ये लहानपणी त्यांना ऑशविट्झला, नाझींच्या छळछावणीत, नेलं होतं. छावणीत हातावर गोंदलेला आकडा आता सुरकुत्यांत नीट वाचता येत नाही. रोज जेवताना ते पावाचा तुकडा रुमालात बांधतात आणि उशीखाली ठेवतात. सुरुवातीला चादर बदलताना मी तो फेकला. आजोबा काही बोलले नाहीत, नुसते थरथरत राहिले. मोठ्या नर्सने मला बाजूला घेऊन समजावलं: शिळा पाव त्यांच्यासमोर काढायचा नाही, आधी ताजा ठेवायचा. अंघोळीलाही त्यांना रांगेत बसवायचं नाही, कारण छावणीत अंघोळीच्या नावाखाली माणसांना विषारी वायूच्या खोलीत नेत. मला त्या दिवसाची अजून लाज वाटते.

आणि आमच्या आजी. साठच्या दशकात त्या अलिबागच्या इस्राएल आळीतून इथे आल्या. तेव्हा इथले धर्मगुरू लग्नाच्या वेळी बेने इस्राएल लोकांना तुम्ही खरे ज्यू आहात का, असं विचारायचे. त्याविरुद्ध जेरुसलेमला धरणं झालं, त्यात आजी बसल्या होत्या. 1964 मध्ये सरकारने त्यांची बाजू मान्य केली. मग तीस वर्षं कापड गिरणीत काम, मुलं, नातवंडं, सगळा संसार हिब्रूत.

स्मृतिभ्रंश झाला आणि पहिल्यांदा गेली ती हिब्रूच. असं इथे अनेकांचं होतं. कुणी यिडिशवर, युरोपातल्या ज्यूंच्या जुन्या बोलीवर, येतं, कुणी मोरोक्कोच्या अरबीवर. आजी फक्त मराठी बोलायला लागल्या, आणि कर्मचाऱ्यांना वाटलं की त्या काहीतरी बरळतात. त्या म्हणत होत्या, "माझी पाठ खाजतेय गो." नातवाला मराठी येत नाही. तो आला की मी मधे बसते.

मागच्या उन्हाळ्यात तिशा बेआव जवळ आला. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं, त्या दुःखाचा हा उपास. बेने इस्राएल त्याला बिरड्याचा सण म्हणतात. बाहेरचं शिजवलेलं अन्न इथे चालत नाही, म्हणून मी बंद पाकिटातले वाल घेऊन कोशेर बघणाऱ्या माणसाकडे गेले. त्याने पांढऱ्या कागदावर ते पसरून कीड आहे का म्हणून एकेक दाणा पाहिला, माझी आई निवडायची तसाच. मग हो म्हणाला.

मोड आल्यावर मी वाडगा आजींच्या मांडीवर ठेवला. त्यांना चमचा धरता येत नाही, स्वेटरचं बटण लावता येत नाही. पण वाल हाताला लागले आणि अंगठा आपोआप चालू झाला. साल एका बाजूला, डाळिंबी दुसऱ्या बाजूला. अर्ध्या तासात वाडगा संपला. मग माझ्या बाजूचा ढीग पाहून म्हणाल्या, "हळू गो, मोडतायत."