गर्दीचा बाजाररस्ता पादचाऱ्यांना आणि विक्रेत्यांना सोयीचा कसा करता येईल?

बाजाररस्त्याचा विषय निघाला की विक्रेत्यांना हटवल्याशिवाय पदपथ मोकळा होणार नाही, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. मला ते पटत नाही. पायी चालणाऱ्यांची वर्दळ असते तिथेच विक्रेता बसतो, त्यामुळे आज उठवलेला विक्रेता थोड्याच दिवसांत त्याच जागी परत येतो. टंचाई जागेची आहे, आणि ती कोणी किती अडवली आहे हे टेप घेऊन मोजल्याखेरीज आराखड्याला हात घालू नये.

कडेला उभी केलेली एक मोटार साधारण 10 ते 12 चौरस मीटर जागा व्यापते, तर लहान पथारीला दोन चौरस मीटर पुरतात. म्हणजे दिवसभर न हलणाऱ्या एका गाडीच्या जागेत चार-पाच जणांचा व्यवसाय बसू शकतो. (ती गाडी पुष्कळदा समोरच्याच दुकानदाराची असते, आणि गिऱ्हाइकांसाठी पार्किंग हवे अशी तक्रारही त्याचीच असते.) म्हणून विक्रेत्यांच्या जागा पार्किंगच्या पट्टीत आखाव्यात आणि त्यांची तोंडे पदपथाकडे ठेवावीत, म्हणजे खरेदीसाठी कोणाला वाहनांच्या वाटेत उतरावे लागणार नाही. मात्र गिऱ्हाईक उभे राहते ती अर्धा-पाऊण मीटर जागा वेगळी धरावी लागते, आणि कागदावर रुंद दिसणारा पदपथ प्रत्यक्षात तुंबतो तो बहुधा याच विसरामुळे. ती वगळून चालण्यासाठी सलग 1.8 मीटर मोकळे राहिले, तर दोन चाकखुर्च्या एकमेकींना ओलांडू शकतात. दुकानाबाहेर मांडलेला माल, पाट्या आणि विजेचे खांब यांनाही हाच नियम लागू असावा. चौकाच्या तोंडाशी कोणालाच जागा देऊ नये, कारण तिथे चालक आणि पादचारी एकमेकांना दिसणे आवश्यक असते.

माल उतरवण्यासाठी सकाळची ठरावीक वेळ, अग्निशामक गाडीला पुरेल अशी अखंड मार्गिका, कचरा उचलण्याची व्यवस्था आणि दिवे या गोष्टी ओघाने येतातच. स्वच्छतागृह मात्र हमखास राहून जाते, आणि दिवसभर एका जागी बसणाऱ्या विक्रेत्या महिलांना त्याचा सर्वाधिक त्रास होतो.

वाहने पूर्ण बंद करायची असल्यास आधी प्रयोग करावा. कोपनहेगनमधील स्ट्रॉयट हा रस्ता 1962 मध्ये प्रायोगिक तत्त्वावर वाहनमुक्त झाला आणि 1964 मध्ये तो निर्णय कायम झाला. धंदा बुडेल ही तिथल्या व्यापाऱ्यांची भीती खरी ठरली नाही. ब्राझीलमधील कुरितिबा शहरात 1972 मध्ये महापौर जैमी लर्नर यांनी मुख्य बाजाररस्त्याचा एक भाग शुक्रवारी संध्याकाळी बंद करून काही दिवसांतच पादचाऱ्यांसाठी खुला केला. एवढी घाई सगळीकडे मानवेल असे नाही. रंगाचे पट्टे आणि हलवता येणाऱ्या कुंड्या वापरून काही आठवडे व्यवस्था चालवावी, आणि प्रयोगापूर्वी व प्रयोगादरम्यान त्याच वारी, त्याच तासांना पादचाऱ्यांची मोजणी करावी, म्हणजे दुकानदारांशी बोलताना हातात आकडे असतील.